केकवरचे रंग आणि कॅन्सरसाठीची पदयात्रा

आपल्या हुडकेश्वर भागात गेल्या काही वर्षांत केक सजवायला शिकलेल्या महिलांची संख्या चांगलीच वाढली आहे. नवीन लेआउटमधल्या घरांवर शिवणकामाच्या पाटीशेजारी आता केकच्या ऑर्डरची पाटीही दिसते. दुकानातून आणण्यापेक्षा शेजारच्या काकूंनी केलेला केक लोकांना जास्त भरवशाचा वाटतो. दुसरीकडे दरवर्षी ४ फेब्रुवारीच्या, म्हणजे जागतिक कॅन्सर दिनाच्या आसपास कॅन्सरसाठी चालण्याचे कार्यक्रम होतात. क्लासच्या मैत्रिणींनी मिळून केक विकायचे, आलेले पैसे रुग्णांसाठी द्यायचे आणि सकाळी चालायलाही जायचं, असे बेत आता आपल्याकडेही होऊ लागले आहेत.

या बेतांबरोबर दवाखान्यात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: "डॉक्टर, केकवरच्या रंगांनी कॅन्सर होतो म्हणतात, मग कॅन्सरसाठी केक विकणं बरोबर आहे का?" दुसरा जरा हळू आवाजात, बहुतेक वेळा घरातल्या पुरुषमंडळींकडून: "असं पाच किलोमीटर चालून कुणाचा कॅन्सर बरा होतो का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींना बराच जुना इतिहास आहे. आज तोच सांगतो. पहिल्या प्रश्नाला जास्त वेळ लागेल, कारण अफवाही तिथेच जास्त आहेत.

साखर एकेकाळी अतिशय महाग होती आणि पांढरीशुभ्र साखर तर श्रीमंतांनाच परवडायची. त्यामुळे केकवर पांढरं आवरण असणं हीच ऐपतीची खूण होती. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या १८४० मधल्या लग्नाचा केक असाच पांढरा होता. अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर फेटून केलेल्या कडक आवरणाला आजही क्लासमध्ये रॉयल आयसिंग म्हणतात. ही कला क्लास लावून सर्वसामान्यांना शिकवण्याची पद्धत मात्र बरीच नंतरची. शिकागोमध्ये १९२९ साली विल्टन नावाच्या गृहस्थांनी असे वर्ग सुरू केले. तुमच्या हातातल्या कोन आणि नोझलमागे ही परंपरा आहे. बाजारात विल्टन नावाचं सामान अजून मिळतं.

रंगांचा इतिहास मात्र इतका गोड नाही. १८२० साली लंडनमध्ये फ्रेडरिक अॅक्युम या रसायनशास्त्रज्ञाने अन्नातल्या भेसळीवर एक पुस्तक लिहिलं. मुलांच्या मिठाया लाल करायला शिशाची संयुगं आणि हिरव्या करायला तांब्याची संयुगं वापरतात, हे त्याने उघड केलं. १८५८ साली ब्रॅडफर्ड गावात तर कहर झाला. साखर महाग, म्हणून गोळ्यांमध्ये स्वस्तातली पांढरी पूड मिसळायची पद्धत होती. औषधाच्या दुकानातून त्या पुडीऐवजी चुकून आर्सेनिक, म्हणजे सोमल दिला गेला. सुमारे वीस माणसं दगावली, दोनशेहून अधिक आजारी पडली. भेसळीविरुद्ध आणि विष विकण्यावर कायदे होण्यामागे या घटनेचा मोठा वाटा होता.

याच्या दोनच वर्षं आधी, १८५६ मध्ये, विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा मलेरियावरचं क्विनीन प्रयोगशाळेत बनवायचा प्रयत्न करत होता. क्विनीन काही जमलं नाही, पण भांड्याच्या तळाशी सुंदर जांभळा रंग मिळाला. दगडी कोळशापासून निघणाऱ्या डांबरातून रंग बनवण्याचा मोठा उद्योग तिथून उभा राहिला. आधी कापड रंगलं, मग लोणी, मिठाई आणि केकही.

इथे आपल्या गोष्टीत कॅन्सर येतो. १८९५ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये लुडविग रेन या सर्जनने रंगाच्या कारखान्यातल्या तीन कामगारांना मूत्राशयाच्या गाठी झाल्याचं नोंदवलं. पुढे १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांवर महिनोन्‌महिने डांबर चोळून कॅन्सर निर्माण करून दाखवला. एखाद्या पदार्थामुळे कॅन्सर होऊ शकतो हे प्रयोगाने सिद्ध होण्याची ती सुरुवात. मग १९३० च्या दशकात जपानमध्येच 'बटर यलो' नावाच्या रंगाने उंदरांच्या यकृतात कॅन्सर होतो हे दिसलं. नावावरूनच कळेल, हा रंग लोणी आणि मार्गारिन पिवळं दिसावं म्हणून वापरत. म्हणजे रंगांबद्दलची भीती हवेतून आलेली नाही, हे आधी मान्य करू या. त्या काळी ती अगदी खरी होती.

अमेरिकेत १९५० साली हॅलोविनच्या सणाला नारिंगी रंगाच्या मिठायांमुळे बरीच मुलं आजारी पडली. तो रंग तर सरकारमान्य होता. त्यानंतर चौकशा झाल्या आणि १९५८ मध्ये डिलेनी या लोकप्रतिनिधीच्या नावाने ओळखलं जाणारं कलम कायद्यात आलं. जो पदार्थ माणसात किंवा प्राण्यात, कितीही प्रमाणात दिल्यावर, कॅन्सर करतो असं दिसेल, तो अन्नात घालायला परवानगी नाही, असं ते कलम सांगतं. १९६० मध्ये ते रंगांनाही लागू झालं. या कलमात 'किती' हा प्रश्नच नाही, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आपल्याकडे १९५४ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या जागी आता २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे. भारतात खाण्यासाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे: पाँसो ४आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन, टार्ट्राझिन, सनसेट यलो, इंडिगो कार्मिन, ब्रिलियंट ब्ल्यू आणि फास्ट ग्रीन. बाकी सगळे अन्नात बेकायदा. परवानगी असलेल्यांनाही मर्यादा आहे, बहुतेक पदार्थांत एका किलोमागे १०० मिलीग्रामची. एका चमच्यात साधारण पाच ग्रॅम पदार्थ मावतो, त्याचा पन्नासावा भाग म्हणजे १०० मिलीग्राम. तेवढा शुद्ध रंग अख्ख्या किलोभर पदार्थाला. भडक लाल गुलाब काढताना हात किती सैल सुटतो, ते तुम्हीच आठवा.

खरा धोका आठांच्या यादीबाहेरच्या रंगांचा आहे. पिवळ्यासाठी मेटॅनिल यलो आणि गुलाबीसाठी ऱ्होडामिन बी, हे दोन्ही कापड वगैरे रंगवायचे रंग. ते स्वस्त असतात आणि थोड्यातच भडक उठतात. २०२४ च्या सुरुवातीला तामिळनाडूने 'बुढ्ढी के बाल' म्हणजे कॉटन कँडीवर बंदी घातली ती ऱ्होडामिन बी सापडल्यामुळेच. त्याच वर्षी कर्नाटकात केकचे २३५ नमुने तपासले, त्यांपैकी १२ असुरक्षित निघाले. बातमी आपल्या मोबाइलवर आली ती 'केकने कॅन्सर होतो' अशी. त्या बारा केकांमधल्या रंगांच्या यादीत सनसेट यलो, टार्ट्राझिन, कार्मोइसिन, पाँसो ४आर होते, म्हणजे आपल्याकडे मर्यादेत चालणारे रंगही. मर्यादा ओलांडणं हा गुन्हाच आहे आणि कारवाई व्हायलाच हवी. पण उरलेले २२३ केक ठीक निघाले, हे वाक्य कुणीही फॉरवर्ड केलं नाही.

आता ताजी गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एरिथ्रोसिन या लाल रंगाची खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेतली आणि कंपन्यांना २०२७ च्या जानेवारीपर्यंत मुदत दिली. आपल्या केकवर हा रंग असतो तो मुख्यतः चेरीवर. ती चेरी बहुतेक वेळा चेरी नसतेच, पाकात घालून रंगवलेलं करवंद असतं, आणि टूटी-फ्रूटी म्हणजे कच्ची पपई. पण ते जाऊ दे. ही परवानगी का गेली? नर उंदरांना भरपूर प्रमाणात एरिथ्रोसिन दिल्यावर त्यांच्या थायरॉइडमध्ये गाठी झाल्या, म्हणून. ज्या हार्मोनच्या गडबडीमुळे त्या झाल्या ती उंदरांपुरती आहे, माणसात तसं घडत नाही, हे परवानगी काढणाऱ्या खात्यानेच सांगितलं. मग काढली कशाला? डिलेनी कलमात 'किती' आणि 'कुणात' याला जागा नाही, म्हणून.

डॉक्टर म्हणून मी 'किती' हे विचारतोच. एरिथ्रोसिन रोज, आयुष्यभर घेतलं तरी चालेल अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलीग्राम आहे. तुमचं मूल १५ किलोचं असेल तर दिवसाला दीड मिलीग्राम. किलोला १०० मिलीग्राम रंग घातलेला पदार्थ १५ ग्रॅम खाल्ला की तेवढा होतो. म्हणजे रोज दोन-तीन चेऱ्या खाणाऱ्या मुलाची मर्यादा खरंच भरते. वर्षातून चार वाढदिवसांना खाणाऱ्याची नाही. हा फरक एकदा समजला की निम्मी भीती जाते आणि उरलेली निम्मी कामाची असते.

केक करणाऱ्यांसाठी म्हणून एवढंच सांगतो. किराणा दुकानातल्या सुट्या रंगाच्या पुड्या घेऊ नका. डबीवर रंगाचं नाव आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक पाहा. गडद लाल आणि काळा हे दोन रंग सर्वांत जास्त माल खातात, तेव्हा त्या रंगांची फुलं लहान काढा किंवा बीट, कोको यांवर भागवा. घरून विकत असाल तर तुमचीही नोंदणी लागते. उलाढाल लहान असेल तर तिची फी किरकोळ असते. क्लासमध्ये हे सांगितलं जात नाही, अशी तक्रार मी बऱ्याच जणींकडून ऐकली आहे.

आणि रंगापेक्षा मला जास्त काळजी त्या खालच्या पांढऱ्या थराची वाटते. स्वस्तातली बिगर-दुधाची व्हिपिंग क्रीम म्हणजे मुख्यतः घट्ट केलेलं वनस्पती तेल आणि साखर. लठ्ठपणाचा संबंध तेरा प्रकारच्या कॅन्सरशी असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं. हा धोका कुठल्याही लाल रंगापेक्षा जास्त पक्का आहे. तरी लाल रंगावरच्या बातमीला जितके लोक घाबरतात तितके पोटाच्या घेराला घाबरलेले मी पाहिलेले नाहीत.

साखरेबद्दल मात्र उलट बाजूची एक अफवा आहे आणि ती रुग्णांचं प्रत्यक्ष नुकसान करते. १९२० च्या दशकात ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज नेहमीच्या पेशींपेक्षा खूप जास्त आणि वेगळ्या पद्धतीने वापरतात. हे खरं आहे. पेट स्कॅन यावरच चालतो. किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोज टोचतात आणि ते जिथे जमतं तिथे गाठ दिसते. यावरून लोकांनी निष्कर्ष काढला की साखर बंद केली की गाठ उपाशी मरेल. तसं होत नाही. तुम्ही साखर सोडली तरी शरीर भातापासून, भाकरीपासून, शेवटी स्वतःच्या स्नायूंपासून ग्लुकोज बनवतंच. किमोथेरपी सुरू असताना आधीच तोंडाची चव जाते. त्यात घरचे गोड बंद करतात, मग भात बंद करतात, मग फळं. दोन महिन्यांत रुग्णाचं आठ-दहा किलो वजन उतरतं आणि पुढची किमो सोसत नाही म्हणून पुढे ढकलावी लागते. अशा रुग्णाला नातवाच्या वाढदिवसाचा केक खावासा वाटला तर खुशाल द्या. मधुमेह असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून द्या, पण द्या.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, कॅन्सरसाठी केक विकायला हरकत नाही. ब्रिटनमध्ये मॅकमिलन नावाची संस्था १९९० पासून दरवर्षी कॉफी आणि केकचा कार्यक्रम करून कॅन्सर रुग्णांसाठी निधी जमवते. ती संस्था डग्लस मॅकमिलन या माणसाने वडील कॅन्सरने गेल्यावर १९११ मध्ये सुरू केली होती.

चालून काय होतं?

कॅन्सरसाठी पायी निघण्याची आजची पद्धत ज्याच्यामुळे जगभर पसरली, तो टेरी फॉक्स हा कॅनडाचा मुलगा. १९७७ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. उपचार घेताना वॉर्डातली लहान मुलं पाहून त्याने ठरवलं की कृत्रिम पायावर अख्खा देश धावत पार करायचा आणि प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर मागायचा. १२ एप्रिल १९८० ला तो निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. १ सप्टेंबरला छातीत दुखू लागलं म्हणून थांबला, तर कॅन्सर फुप्फुसात पोहोचलेला होता. जून १९८१ मध्ये, वयाच्या बावीसाव्या वर्षी तो गेला. तोपर्यंत दर माणशी एक डॉलरचं त्याचं लक्ष्य गाठलं गेलं होतं. त्याच्या नावाची दौड मुंबईतही झाली आहे. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या टकोमा शहरात गॉर्डन क्लॅट हे सर्जन मैदानाभोवती चोवीस तास फेऱ्या मारत राहिले, १३० किलोमीटरहून जास्त अंतर तोडलं आणि कॅन्सर संस्थेसाठी २७,००० डॉलर जमवले. रात्रभर पाळीपाळीने चालण्याचे कार्यक्रम त्यातून सुरू झाले.

आपल्याला पायी निघणं नवं नाही. वारीचं सोडा, ती देवासाठी असते. पण इथून जेमतेम सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या पवनारचे विनोबा १९५१ मध्ये पायी निघाले आणि भूदानासाठी तेरा वर्षं देशभर चालले. चालणारा माणूस गावात थांबतो, पाणी मागतो, लोक जमतात, बोलणं होतं. गाडीतून जाणाऱ्याशी तसं बोलणं होत नाही. कॅन्सरच्या बाबतीत हे बोलणंच औषधाचं काम करतं. ही माझी भावना नाही, आपल्याच महाराष्ट्रात याचा पुरावा आहे.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, आणि पुढे टाटांच्या देणगीतून मुंबईत परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथले पहिल्या पिढीतले मोठे पॅथॉलॉजिस्ट म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांनी आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये एक लेख लिहिला. माणसांच्या सवयींमुळे होणाऱ्या, भारतात दिसणाऱ्या कॅन्सरबद्दलचा. त्यात धोतराची गाठ वर्षानुवर्षं कमरेवर एकाच जागी घासून होणारा त्वचेचा कॅन्सर होता, आणि खालच्या ओठात खैनी धरून ठेवल्यामुळे होणाराही. धोतर आता गेलं, पण परकराची नाडी आहे. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी नाडीच्या जागी झालेल्या कॅन्सरच्या दोन रुग्ण महिलांची माहिती प्रसिद्ध केली. फार दुर्मीळ गोष्ट आहे, घाबरू नका. पण कमरेवरची नाडीखालची जखम महिनोन्‌महिने भरत नसेल तर दाखवा, आणि तोवर नाडी सैल बांधा.

मुंबईत १९६३ पासून कॅन्सरच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद सुरू झाली. खेड्यांमध्ये काय परिस्थिती आहे, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. अडचण अशी की शहरात रुग्ण रुग्णालयात येतो, तिथून त्याची नोंद मिळते. खेड्यात तो येतच नाही. म्हणून नोंदणीचे कर्मचारी स्वतः गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, दाई, जो भेटेल त्याच्याशी बोलायचं. अंगावरून पांढरं जातं का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसतं का, तोंडात न भरणारी जखम आहे का, असं विचारायचं, आणि असेल तर तपासणीला चला म्हणायचं. हेतू फक्त नोंदी गोळा करण्याचा होता. पण काही वर्षांत आकड्यांमध्ये वेगळंच दिसू लागलं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागले होते. कुठलंही नवं यंत्र आणलेलं नव्हतं. कुणीतरी दारात येऊन त्या विषयावर बोललं होतं, इतकंच.

पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त महिलांना त्यात घेतलं. गावांचे चार गट केले. एका गटातल्या महिलांची एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदा करायची, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं द्रावण लावून डोळ्यांनी पाहायचं, आणि चौथ्यात नेहमीसारखीच व्यवस्था. आठ वर्षांनी निकाल आला: एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. एकदाच केलेल्या तपासणीने! २००९ मध्ये हा निकाल छापून आला आणि जगभरच्या तपासणीच्या धोरणांवर त्याचा परिणाम झाला. चौथ्या गटातल्या महिलांना तपासणी मिळाली नाही, यावर नंतर बरीच टीका झाली आणि मला ती टीका गैर वाटत नाही. पण आज तुम्हाला जी तपासणी सुचवली जाते, ती त्या सगळ्या मराठवाड्यातल्या बायाबापड्यांनी दिलेल्या वेळेवर उभी आहे.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: चालून गाठ विरघळत नाही. पण चालणाऱ्या मंडळींपैकी एकीने घरी जाऊन सासूला विचारलं, "आई, तुम्हाला अंगावरून जातं का?" तर बार्शीत जे घडलं ते हुडकेश्वरमध्येही घडू शकतं. नुसता टी-शर्ट घालून, फोटो काढून, नाश्ता करून परत आलात तर व्यायाम झाला, तोही कमीच. पाच किलोमीटर चालून साधारण दोनशे-अडीचशे कॅलरी जळतात, आणि शेवटी हातात दिलेल्या पेस्ट्रीत त्याहून जास्त असतात.

आणि आपल्या नागपूरचं काय?

नागपुरात चालणाऱ्यांनी ज्या विषयावर बोलायला हवं, तो विषय केक नाही, खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून दिलेला. केकवरच्या एरिथ्रोसिनबद्दल माणसात पुरावा नाही. तंबाखूच्या विड्याबद्दल आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८५ मध्येच निकाल दिला, आणि २००४ मध्ये सांगितलं की तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर करते. इथे 'किती' विचारायची सोय नाही, सुरक्षित प्रमाण असं काही नाहीच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानठेल्यावर काय मिळतं ते तुम्ही रोज पाहता. माझ्याकडे असे वडील येतात जे मुलाच्या केकवर निळा रंग नको म्हणून बायकोशी वाद घालतात आणि तो वाद घालताना त्यांच्या गालात खर्रा असतो.

सुपारीने कॅन्सरच्या आधी बरंच काही होतं. गालाची आतली कातडी पांढुरकी आणि ताठ होत जाते, तिखट झोंबू लागतं, तोंड कमी उघडतं. आरशासमोर उभं राहून आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा अथवा जखम दोन आठवड्यांत गेली नसेल, तर दाखवा. तीस वर्षांवरील सर्वांची तोंडाची तपासणी, आणि महिलांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी, सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत करण्याचा कार्यक्रम आहे. निदान झालंच तर महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरवरचे अनेक उपचार बसतात. पैशांअभावी घरी बसू नका.

आपल्याला फार लांब जावंही लागत नाही. हुडकेश्वरहून मेडिकल चौकाकडे जाताना तुकडोजी पुतळा चौक लागतो, आणि त्याच भागात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आहे. अनेकांना वाटतं, पुतळा जवळ आहे म्हणून रुग्णालयाला ते नाव पडलं असेल. पण खंजिरीवर भजनं म्हणत गावोगाव फिरणारे आणि विनोबांच्या भूदानासाठीही राबलेले तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला गेले, ते कॅन्सरनेच. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या माझ्या रुग्णांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नसतं.

तोंडाच्या तपासणीला दोन मिनिटं लागतात, सुई नाही, उपाशी राहायचं नाही. फक्त येताना खर्रा थुंकून, चूळ भरून या.